आरोपीची चौकशी व्हिडिओवर घ्यायची असेल तर: कॅमेरा कधी सुरू करायचा, कुठे ठेवायचा आणि नंतर फाइलचं काय करायचं

खात्यातून निवृत्त होऊन मला आता काही वर्षं झाली पण फोन अजून येतात, बहुतेक नवीन पीएसआय मुलामुलींचे, आणि विचारणं एकच असतं की सर आरोपीची चौकशी व्हिडिओवर घ्यायची आहे, मोबाईलवर चालेल का, वेगळा कॅमेरा मागवू का. प्रत्येकाला तेच सांगतो म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढतोय. मी बरीच वर्षं रायटर होतो, म्हणजे साहेब विचारणार आणि मी जबाब लिहिणार, पुढे स्वतः तपासी अंमलदार झालो, त्यामुळे लिहिणं आणि विचारणं दोन्ही केलंय आणि दोन्हीकडे काय चुकतं ते बघितलंय. ज्यांच्या घरातलं कुणी चौकशीसाठी नेलंय त्यांनीही वाचा, कारण नेमकं काय मागायचं हेच लोकांना माहीत नसतं आणि कळेपर्यंत फुटेज गेलेलं असतं.

आधी कायदा काय म्हणतो ते

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, म्हणजे आपण बोलताना बीएनएसएस म्हणतो ती. तिच्यात व्हिडिओचा उल्लेख खूप ठिकाणी आहे म्हणून लोकांचा समज झालाय की आता सगळंच रेकॉर्ड करणं सक्तीचं आहे. तसं नाहीये. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग कलम १०५ प्रमाणे करायचंच आणि ते विलंब न करता मॅजिस्ट्रेटकडे पाठवायचं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी फॉरेन्सिक टीम आणि व्हिडिओग्राफी, ते कलम १७६ मध्ये. पण पोलिसांनी घ्यायच्या जबाबाचं कलम १८० (जुनं १६१) फक्त म्हणतं की जबाब ऑडिओ-व्हिडिओने "घेता येईल". मॅजिस्ट्रेटसमोरच्या कबुलीचं कलम १८३ (जुनं १६४) पण तसंच, घेता येईल, आणि घेतलं तर आरोपीच्या वकिलाच्या हजेरीत. म्हणजे ठाण्यात आरोपीला प्रश्न विचारतानाचा व्हिडिओ करा अशी सक्ती बीएनएसएसमध्ये नाही. तरी मी म्हणतो करा, आणि का करा ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम २५-२६, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३, आणि व्हिडिओ केला म्हणून ते कलम काही पुसलं जात नाही. २०२२ मध्ये कर्नाटकातल्या एका खून खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर हेच आलं होतं, आरोपींची कबुली डीव्हीडीवर घेतलेली, खालच्या कोर्टात ती चालवून बघितलेली, वर टीव्हीवरच्या कार्यक्रमातही दाखवलेली. सुप्रीम कोर्टाने सरळ सांगितलं की डीव्हीडीवरची असली तरी ती पोलिसांपुढचीच कबुली आहे, चालणार नाही, आणि टीव्हीवर दाखवणं म्हणजे न्यायदानात ढवळाढवळ. अपवाद म्हणाल तर आपल्याकडे मोक्का आहे, संघटित गुन्हेगारीविरुद्धचा १९९९ चा कायदा, त्याच्या कलम १८ मध्ये एसपी किंवा डीसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याने घेतलेली कबुली चालते आणि ती लेखी किंवा कॅसेट, टेपवर घेता येते असं तेव्हाच लिहून ठेवलंय. पण तिथेही आधी आरोपीला सांगावं लागतं की कबुली द्यायची सक्ती नाही आणि दिली तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, आणि नंतर लगेच ते सगळं चीफ ज्युडिशियल मॅजिस्ट्रेटकडे जातं.

मग कबुली चालतच नाही तर एवढा खटाटोप कशाला असं प्रत्येक जण विचारतो. कारण कबुली सोडून बाकी बरंच काही त्या खोलीत घडतं. आरोपी सांगतो की अमुक ठिकाणी हत्यार ठेवलंय आणि ते निघतं, तो भाग चालतो. आरोपी म्हणतो मी त्या दिवशी सोलापूरला होतो, तर ते नेमकं कोणत्या शब्दात म्हणाला आणि तुम्ही ते तपासलं की नाही हे त्या फाइलमध्ये राहतं. आणि उद्या कोर्टात आरोपी म्हणाला मला मारलं, तर नाही मारलं हे दाखवायला तुमच्याकडे तुमच्या शब्दापलीकडे काहीतरी असतं, आणि खरंच मारलं असेल तर ते उघड व्हायला त्याच्याकडे काहीतरी असतं. निर्दोष माणूस आत अडकू नये यासाठी मला तर याच्याइतकी कामाची दुसरी गोष्ट माहीत नाही.

कॅमेरा कधी सुरू करायचा

सगळ्यात जास्त चूक इथे होते. आपल्याकडे रीत अशी पडलीये की आधी दोन-चार तास "तोंडी विचारपूस" करायची, आरोपी लाइनीवर आला की मग म्हणायचं चल आता कॅमेऱ्यासमोर सांग. तो सात मिनिटांचा व्हिडिओ बघायला छान वाटतो, माणूस शांत बसलाय, सगळं सांगतोय, पण त्याआधीच्या चार तासांत काय झालं ते कुणालाच दिसत नाही आणि ज्याला केस तोडायची आहे तो वकील त्या चार तासांवरच बोट ठेवणार.

१९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका बाईवर अत्याचार झाला आणि १४ ते १६ वयाची पाच पोरं दोषी ठरली. त्यातल्या चौघांच्या कबुल्या व्हिडिओवर होत्या, ज्यूरीने त्या बघितल्या, पण त्याआधी कित्येक तास जी चौकशी चालली ती रेकॉर्डच केली नव्हती. पोरांनी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली आणि २००२ मध्ये खरा गुन्हेगार समोर आला, डीएनए त्याचाच जुळला, शिक्षा रद्द झाल्या. व्हिडिओ होता, तरी. किंबहुना व्हिडिओमुळेच लोकांना खात्री पटली होती. अर्धवट रेकॉर्डिंग हे अजिबात नसलेल्या रेकॉर्डिंगपेक्षा धोक्याचं का असतं ते या एका केसवरून कळतं.

म्हणून नियम सोपा ठेवा. आरोपी खोलीत येण्याआधी कॅमेरा चालू, रिकामी खोली दिसली पाहिजे, दार उघडून तो आत येताना दिसला पाहिजे, आणि तो बाहेर गेल्यावर कॅमेरा बंद. गाडीतून आणताना, लॉकअपच्या दारात, चहा देताना केसबद्दल बोलायचं नाही, आणि डीबी पथकातल्या (ठाण्याच्या गुन्हे शोध पथकातल्या) पोरांना हे आधीच बजावून ठेवायचं कारण तपासी अंमलदार खोलीत नियम पाळतो आणि बाहेर कुणीतरी खांद्यावर हात टाकून "सांगून टाक रे, सुटशील" म्हणून जातं. ते एक वाक्य म्हणजे आमिष, आणि ते रेकॉर्डवर नसलं तरी आरोपीच्या मनात असतंच.

खोली, कॅमेरा, आवाज

मोबाईल चालतो. ट्रायपॉड मात्र पाहिजेच, हातात धरून घेतलेला व्हिडिओ तासाभरात खाली झुकतो. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येतो, रेकॉर्डिंग तुटतं आणि दोन फाइल होतात, मग त्या मधल्या वीस सेकंदांत काय झालं हे सांगत बसावं लागतं. चार्जर लावून ठेवा, मेमरी आधी रिकामी करा, १०८० वर एका तासाला साधारण चार ते आठ जीबी जातात. हँडीकॅम असेल तर तो चार जीबी झाले की आपोआप नवीन फाइल करतो, त्यात गैर काही नाही पण किती फाइल झाल्या आणि कोणत्या क्रमाने ते केस डायरीत लिहा.

कॅमेरा कुठे ठेवायचा हा प्रश्न किरकोळ वाटतो पण नाही. सगळे जण आरोपीच्या तोंडासमोर ठेवतात. अमेरिकेत डॅनियल लॅसिटर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं यावर प्रयोग केले, तीच कबुली लोकांना वेगवेगळ्या कोनातून दाखवली, आणि निघालं असं की फक्त आरोपी दिसत असेल तर बघणाऱ्याला वाटतं की हा आपणहून बोलतोय, आणि विचारणारा आणि आरोपी दोघं सारखे दिसले की बघणाऱ्याला दबाव असेल तर तो दिसायला लागतो. न्यूझीलंडच्या पोलिसांनी म्हणूनच दोघं दिसतील असाच कॅमेरा ठेवायचं धोरण घेतलं. तुम्हीही टेबलाच्या बाजूने लावा, दोघांची बाजू दिसेल, हात दिसतील, टेबलावर काय ठेवलंय ते दिसेल, आणि जमलं तर दार पण फ्रेममध्ये घ्या. खोलीत तिसरा कुणी असेल तर तोही फ्रेममध्ये पाहिजे, कॅमेऱ्यामागे उभं राहून बघणारा साहेब हा आरोपीसाठी सगळ्यात मोठा दबाव असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो दिसतच नाही.

आता आवाज. चित्र धूसर असेल तर चालून जातं, आवाज गेला की सगळं गेलं. आपल्या ठाण्यांमधले छताचे पंखे कसे असतात माहितीये ना, खड खड खड. एका केसमध्ये मी स्वतः ते भोगलंय, पाऊण तासाची चौकशी, सगळं नीट, आणि ज्या एका प्रश्नाच्या उत्तरावर सगळं होतं तिथे आरोपीने मान खाली घातली, आवाज खाली गेला आणि वरून पंखा आणि बाजूच्या खोलीतला वायरलेस सेट. कोर्टात तीनदा लावलं, तिन्ही वेळा वेगळं ऐकू आलं. तेव्हापासून मी आधी दोन मिनिटं ट्रायल घ्यायचो, इअरफोन लावून ऐकायचो आणि मगच आरोपीला आणायचो. कॉलर माइक स्वस्तात मिळतो, दोन घ्या, एक त्याला एक तुम्हाला. पंखा बंद करायचा तर टेबलफॅन लांब ठेवा, उन्हाळ्यात माणसाला घामाघूम करून विचारणं हाही त्रासच आहे.

भिंतीवर घड्याळ असेल तर ते चालू आहे का बघा, हे लिहितोय त्याला कारण आहे. एका खटल्यात मागचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटं दाखवत होतं आणि कागदावर वेळ सकाळी साडेअकराची. बचावाच्या वकिलाने उलटतपासात त्या घड्याळावरच इतका वेळ घेतला की बाकी तपास बाजूलाच राहिला, शेवटी अधिकारी म्हणाला सेल संपला होता, आता सेल संपला होता हे सिद्ध कसं करणार. मोबाईलची वेळ बरोबर आहे ती कॅमेऱ्याला दाखवा आणि तोंडाने बोला, विषय संपला.

सुरुवात कशी करायची

आरोपी बसला की आधी पाणी. मग तुम्ही स्वतः बोला, वाचून दाखवलंत तरी चालेल, साधारण असं:

"आज अमुक तारीख, वेळ अमुक, आपण अमुक पोलीस ठाण्याच्या या खोलीत आहोत. माझं नाव हे, माझा हुद्दा हा. खोलीत माझ्यासोबत हे हे आहेत. हे सगळं रेकॉर्ड होतंय, कॅमेरा तो समोर. तुमचं नाव तुम्ही सांगा. तुम्हाला या या गुन्ह्यात विचारायचं आहे. स्वतःच्या विरोधात जाईल असं काही सांगायची तुमच्यावर सक्ती नाही, गप्प राहिलात तरी चालेल. तुम्हाला वकील आहे का, वकिलाला भेटायचंय का. जेवलात का, कधी. काही औषध चालू आहे का. इथे आणल्यापासून कुणी मारलं, धमकावलं, काही कबूल केलंस तर सोडू असं सांगितलं का."

शेवटचा प्रश्न विचारायला लोक घाबरतात, म्हणतात तो हो म्हणाला तर. तो हो म्हणाला तर ते तुम्हाला आत्ताच कळलं पाहिजे, तिथेच थांबा, वरिष्ठांना कळवा, मेडिकल करा. गप्प राहण्याचा हक्क घटनेच्या कलम २०(३) मधला आहे आणि पोलीस चौकशीतही तो लागू होतो हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी केसमध्ये सांगितलंय. वकिलाला भेटायचा हक्क बीएनएसएस कलम ३८ मध्ये आहे, पूर्णवेळ शेजारी बसायचा नाही पण चौकशी चालू असताना भेटायचा आहे. वकील-अशील बोलतात तेव्हा आवाज रेकॉर्ड करायचा नाही, तशी वेळ बोलून मग कॅमेरा बंद करा.

आणि अरे-तुरे नको. सवयीने जातं तोंडातून, मला माहीत आहे, माझ्याही जायचं, पण रेकॉर्डिंगवर "ए तू बोल ना" ऐकणाऱ्या जजच्या मनात त्या खोलीचं चित्र त्या क्षणी तयार होतं. "तुम्ही" म्हणा, आडनावाने हाक मारा. माझा अनुभव सांगतो, माणूस जास्त बोलतो.

विचारायचं कसं, आणि विहीर आधी कुणी काढली

इंग्लंडमध्ये १९८४ चा पेस नावाचा कायदा आला, चौकशी टेपवर घेणं सुरू झालं आणि मग अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं की आपण विचारतोच वाईट, कारण पहिल्यांदा ते कुणीतरी ऐकत होतं. त्यातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पीस नावाची पद्धत बसवली, तयारी करून या, ओळख द्या आणि समजावून सांगा, त्याला त्याच्या शब्दात सगळं सांगू द्या, मग शंका विचारा, नीट बंद करा आणि नंतर बसून तपासा. यात कबुली काढणं हा हेतूच नाही, माहिती काढणं हा आहे.

याचा आपल्या कामाशी संबंध थेट आहे तो मेमोरंडम पंचनाम्यात, म्हणजे आरोपी वस्तू काढून देतो म्हणतो ते पंचांसमोर लिहून घेतात त्यात. कलम २३ च्या शेवटी परंतुक म्हणजे अपवाद आहे, जुनं कलम २७, त्याप्रमाणे आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली तर त्या माहितीचा जेवढा भाग त्या सापडण्याशी थेट जोडलेला आहे तेवढाच चालतो, १९४६ च्या पुलुकुरी कोट्टाया निकालापासून हेच चालत आलंय. आता समजा तुम्ही विचारलंत, "कोयता विहिरीत टाकलास ना?" आणि तो म्हणाला "हो", आणि कोयता विहिरीत निघाला. ही माहिती कुणाची, त्याची का तुमची? तुम्हाला विहीर कुठून कळली? दुसऱ्या कुणी सांगितलं असेल तर मग या माणसाने नवीन काय दिलं? विहीर हा शब्द त्या खोलीत पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आला यावर अख्खी रिकव्हरी उभी राहते किंवा पडते, आणि व्हिडिओमध्ये ते लख्ख दिसतं. म्हणून विचारा, "मग पुढे काय झालं", "त्यानंतर कुठे गेलात", "ते आता कुठे आहे", आणि गप्प बसा. गप्प बसणं फार अवघड जातं आपल्याला. मोजून दहा सेकंद बसा. घटनास्थळाचे फोटो, पोस्टमॉर्टेमचे तपशील, साथीदार काय बोलला, हे सुरुवातीला अजिबात दाखवायचं नाही, कारण एकदा दाखवलं की पुढचं सगळं त्याने तुमच्याकडूनच ऐकलेलं असतं.

पंच खोलीत पहिल्यापासून बसवा, दोघंही फ्रेममध्ये, आणि लिहिताना त्याचे शब्द लिहा. ही चूक मी रायटर म्हणून केलेली आहे. पोरगा खानदेशातला, बोलला सगळं अहिराणीत, आणि मी हात बसलेला म्हणून लिहून टाकलं, "सदर गुन्ह्यात वापरलेला कोयता मी लपवून ठेवलेला असून तो मी काढून देतो." कोर्टात वकिलाने पंचाला विचारलं आरोपी कोणत्या भाषेत बोलला, पंच म्हणाला मराठीत, मग विचारलं "सदर" असं म्हणाला का, पंच गडबडला, म्हणाला आठवत नाही. पोरगा उभ्या आयुष्यात सदर म्हणाला नसेल. ती रिकव्हरी गेली आणि त्याला कारण माझी लेखणी होती, त्या दिवशी कॅमेरा असता तर त्याचे खरे शब्द राहिले असते. मग तो खरं बोलत होता की खोटं हे कोर्टाने ठरवलं असतं, माझ्या "सदर"ने नाही.

म्हणून भाषेचं लक्षात ठेवा. गडचिरोलीत गोंडी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिल्ली-पावरी बोलणारा माणूस असेल तर दुभाषी आणा, ठाण्यातला शिपाई नको, बाहेरचा आणा, आणि दुभाषी आरोपीला काय सांगतोय तेही पूर्ण रेकॉर्ड झालं पाहिजे, फक्त मराठी उत्तर नाही. आरोपीने मान हलवली तर म्हणा "तोंडाने सांगा". काही वस्तू दाखवली तर ती काय आहे ते मोठ्याने बोला. चहापाण्याला थांबलात तर कॅमेरा चालूच ठेवा, बंद करावाच लागला तर बंद करतानाची आणि परत सुरू करतानाची वेळ बोला आणि सुरू झाल्यावर पहिलं वाक्य हेच विचारा, "मधल्या वेळात आपलं केसबद्दल काही बोलणं झालं का".

बाई आरोपी असेल तर महिला अंमलदार पूर्णवेळ खोलीत आणि फ्रेममध्ये. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, तिथे बाल न्याय कायदा लागतो, ते काम विशेष बाल पोलीस पथकाचं, आणि त्या मुलाचा चेहरा कुठेही जाता कामा नये.

रेकॉर्डिंग संपल्यावर

इंग्लंडमध्ये टेपचा जमाना होता तेव्हा एकाच वेळी एकापेक्षा जास्त टेपवर रेकॉर्ड करायचे आणि त्यातली एक आरोपीसमोरच सील व्हायची, ती मूळ प्रत, वाद झाला तरच उघडायची. तुम्ही तेच करा. ज्या कार्डवर रेकॉर्ड झालं ते कार्ड काढायचं, आधी फाइलची हॅश व्हॅल्यू काढायची (ती काय ते पुढे सांगतो), मग कार्ड लखोट्यात घालून पंचांच्या आणि आरोपीच्या समोर सील करायचं, लेबलवर सीआर नंबर म्हणजे गुन्हा नोंद क्रमांक, तारीख, वेळ, फाइलची नावं, आणि मुद्देमालात जमा. फोनच्या आतल्या मेमरीवर घेतलं असेल तर फोनच मूळ पुरावा होतो, तुमचा स्वतःचा फोन असेल तर तो जमा होईल ही तयारी ठेवा, म्हणून मी म्हणतो मेमरी कार्डवर घ्या. झडती-जप्तीच्या रेकॉर्डिंगसाठी पोलिसांना ई-साक्ष्य ॲप दिलंय, तिथली फाइल ॲपमधूनच जाते, ती वेगळी कॉपी काढून फिरवायची नाही.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमधला एक बिंदू बदलला तरी अंगठा पूर्ण बदलतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर वेगळं काही टाकावं लागत नाही, कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड आहे, तिला शा-२५६ पद्धत सांगितली की ती ६४ अक्षरांचा आकडा देते, तो केस डायरीत आणि पंचनाम्यात उतरवून घ्या. आणि कृपा करून फाइल व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवू नका, व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, हॅश बदलते, कधी कुठे काढला ही माहिती उडते, आणि वर तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठल्या ग्रुपवर असेल सांगता येत नाही.

फाइल कोणत्या यंत्रातून कशी काढली याच्या सर्टिफिकेटशिवाय कॉपी चालत नाही. जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं ६५ब, आता साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, आणि नवीन नमुन्यात दोन भाग आहेत, अ भाग ज्याच्या ताब्यात यंत्र होतं त्याने भरायचा आणि ब भाग तज्ज्ञाने, दोन्हीत हॅश लिहायला जागा आहे. हे किती महागात पडतं ते बघायचं तर आपल्या जालन्याचीच केस आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०१४ च्या निवडणुकीत अर्ज वेळेत भरला की नाही यावर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग, सीडी दिल्या पण सर्टिफिकेट नाही, आणि ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. जुलै २०२० मध्ये तीन न्यायाधीशांनी सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर वेगळं, नाहीतर सर्टिफिकेट पाहिजेच. व्हिडिओ केल्याच्या दिवशीच अ भाग भरून ठेवा, सहा महिन्यांनी बदली झाल्यावर कुणाला शोधणार.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं, विशेषतः घरच्यांसाठी

चौकशीचा वेगळा व्हिडिओ केला नसेल तरी ठाण्यात सीसीटीव्ही असायलाच हवा. डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात सुप्रीम कोर्टाने यादीच दिलीये, गेट, लॉकअप, कॉरिडॉर, इन्स्पेक्टरची खोली, सबइन्स्पेक्टरची खोली, मागची बाजू, सगळीकडे, आवाजासकट, अंधारात दिसेल असा. फुटेज १८ महिने ठेवायचं, तशी सोय बाजारातच मिळत नसेल तर जास्तीत जास्त जेवढं मिळेल तेवढं पण एक वर्षाच्या खाली नाही. सीबीआय, एनआयए, ईडी, एनसीबी यांच्या चौकशीच्या खोल्यांनाही हेच लागू.

पण कॅमेरा असणं आणि फुटेज असणं यात अंतर आहे. जून २०२० मध्ये तमिळनाडूत सातनकुलमच्या ठाण्यात बाप-लेकाला मारहाण झाली, दोघंही गेले. मॅजिस्ट्रेट चौकशीला गेले तेव्हा कॅमेरे होते, हार्ड डिस्क एक टीबीची होती, पण सेटिंग असं की रोजचं फुटेज रोज पुसलं जायचं. म्हणून ठाणे प्रभारी असाल तर महिन्यातून एकदा स्वतः डीव्हीआरसमोर (सीसीटीव्हीचं फुटेज साठवणाऱ्या यंत्रासमोर) बसा, सर्वात जुनी तारीख कोणती दिसते ते बघा, घड्याळ बरोबर आहे का बघा, आणि स्टेशन डायरीला नोंद घ्या.

घरच्यांनी काय करायचं, तर थांबायचं नाही. पहिल्याच दिवशी लेखी अर्ज द्या, तारीख, वेळ (ढोबळ चालेल पण अमुक ते अमुक असं लिहा), कोणत्या भागातलं फुटेज, आणि शब्द वापरा "जतन करून ठेवावे". एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या, एक एसपी किंवा कमिशनर ऑफिसला, आणि रिमांडला आरोपीला हजर करतात तेव्हा वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटसमोर तोच अर्ज, म्हणजे तो कोर्टाच्या रेकॉर्डवर येतो. मारहाणीची तक्रार असेल तर त्याच वेळी मॅजिस्ट्रेटला अंगावरचं दाखवा आणि मेडिकल मागा. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी हे १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून आहे, ते कागद मागा.

कोर्टात जाण्याआधी

दोषारोपपत्रासोबत रेकॉर्डिंगची कॉपी आरोपीला मिळायला हवी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डमधला मजकूर हा दस्तऐवजच आहे हे २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका केसमध्ये स्पष्ट केलंय, पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर मात्र फक्त बघायला मिळतं. सोबत लेखी उतारा द्या, मिनिट-सेकंद टाकून, बोलीतले शब्द तसेच ठेवून, ऐकू न आलेलं "ऐकू येत नाही" असं लिहून, अंदाजाने भरायचं नाही. त्यावर आरोपीची सही घ्यायची नाही, पोलिसांपुढच्या जबाबावर सही घेता येत नाही. मेमोरंडमचा व्हिडिओ असेल तर सरकारी वकिलांसोबत बसून ठरवा की नेमका कोणता भाग चालवायचा, कितव्या मिनिटापासून कितव्या मिनिटापर्यंत, कारण कबुलीचा भाग जजसमोर लागताच कामा नये.

आणि तारखेच्या आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन त्या कोर्टातल्या कॉम्प्युटरवर एकदा लावून बघा. डीव्हीआरच्या फुटेजला बऱ्याचदा त्याच कंपनीचा प्लेअर लागतो, तो पेन ड्राइव्हमध्येच टाकून न्या, स्पीकर आहेत का बघा, नसतील तर स्वतःचे न्या.